पहिला तिरकमठा : प्रस्तावना

घाटनांदुरात कोणी दारात बसून काठी तासायला लागलं, की जाणारा-येणारा थांबतो आणि विचारतो, "काय करायलाव?" धनुष्य म्हटलं, की दुसरा प्रश्न ठरलेला : "कशाला?"

प्रश्न रास्त आहे. शिकारीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी घातली आहे. लढाईतलं धनुष्याचं काम बंदुकीने कधीच काढून घेतलं. तिरंदाजीची हौस असेल तर तयार धनुष्य विकत मिळतं आणि ते घरच्या धनुष्यापेक्षा चांगलं चालतं. मग एका काठीमागे महिनाभर कोण लागणार?

या पुस्तकाचं उत्तर असं आहे : धनुष्य घडवण्याची विद्या आपल्या मुलखातून गेलेली नाही, ती फुटून चार घरांत वाटली गेली आहे. वेळू कुठे फुटेल आणि कुठे वाकेल हे बुरडाला कळतं. फळीतली रेषा कुठे वळली हे सुताराला दिसतं. वाखाला पीळ किती द्यायचा हे दोर वळलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारावं. ताणलेली तात नीट बोलते की नाही, हे पिंजाऱ्याचा कान सांगतो. या चौघांपैकी कोणीच धनुष्य करत नाही. ज्याला ते करायचं आहे, त्याला मात्र चौघांच्याही दारात जावं लागतं. तयार धनुष्य विकत घेणाऱ्याच्या वाट्याला या फेऱ्या येत नाहीत, आणि माझ्या मते त्याचं खरं नुकसान इथेच होतं.

कमान ही वस्तू गावाला नवी नाही. कापूस पिंजायला येणाऱ्या पिंजाऱ्याच्या हातात ती असायची. तिचं लाकूड ताठ, वाकण्यासाठी नसलेलंच. काम सगळं तातेचं. लाकडी ठोकळ्याने तात छेडली, की तिच्या थरथरीने कापसाचा गोळा मोकळा होत जायचा. जुन्या सुताराकडे सामता असायचा. भोक पाडायच्या त्या हत्याराला दोरीचा वेढा देऊन छोट्या कमानीने पुढेमागे फिरवत. तिथे दोरी किंचित सैल ठेवावी लागे. वीज आली, यंत्रं आली आणि दोन्ही कमानी माळ्यावर गेल्या. तरी दोघांकडून एक गोष्ट शिकायची राहतेच : दोरी आणि लाकूड यांच्या ओढाताणीत दोघांपैकी कोणी किती सोसायचं, हे कामावरून ठरतं. पिंजाऱ्याच्या कमानीत लाकूड हलत नाही, सामत्यात दोरी पूर्ण ताणलेली नसते. बाण मारायच्या धनुष्यात मात्र लाकडाने लवायचं असतं आणि तरीही आपलं बळ सोडायचं नसतं. घडवण्याची सगळी अडचण या एका अटीतून निघते.

ही अडचण आपल्याकडच्या लोकांनी फार पूर्वी सोडवली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणात धनुष्याच्या सामग्रीची यादी येते : ताड, वेळू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, कसई, वेळू आणि जनावराचे स्नायू. या यादीतली रुई आजही आपल्या पडीक जमिनीत मोकाट वाढते आणि वेळू बांधावर उभा असतो. अलेक्झांडरबरोबर आलेल्या निआर्कसचा वृत्तांत एरियन या ग्रीक लेखकाने जपला आहे. त्यात हिंदी पायदळाचं धनुष्य माणसाच्या उंचीएवढं असल्याचं सांगितलं आहे. ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून, दोरी पार मागे खेचून बाण सोडत आणि बाण जवळजवळ तीन हात लांबीचा असे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' रचला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये शस्त्रविद्येलाही जागा आहे. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्यापासून फार लांब नाही. मराठवाड्यातल्या देवळांच्या आवारात पडलेल्या वीरगळांकडे नीट पाहिलं तर तलवारींच्या गर्दीत धनुष्य ताणलेला वीरही सापडतो.

आपल्याकडे विद्या चार घरांत वाटली गेली, सातपुड्यात तसं झालं नाही. नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरांत भिल्लांचं धनुष्य आणि ते करणारा हात बराच काळ एकाच घरात राहिला. हे धनुष्य वेळूचं असतं, आणि पाहणाऱ्याला चकित करते ती त्याची दोरी. तीही वेळूचीच, सालीलगतची लांब चिवट कामटी. सूत नाही, तात नाही. कामटीची दोन टोकं धनुष्याच्या टोकांना बांधली, की काम झालं. एका झाडातून लाकूडही आणि दोरीही काढायची, ही मोठीच काटकसर. वेळूचे सगळ्यांत दाट आणि बळकट धागे सालीजवळ असतात, आत जावं तसे ते विरळ होत जातात. आजचं शास्त्र सूक्ष्मदर्शकाखाली हे दाखवतं. भिल्लांच्या दोरीने ते कधीच वापरून दाखवलं होतं.

खेळातल्या तिरंदाजीलाही अशा धनुष्यांनी माणसं पुरवली. राजस्थानातल्या आदिवासी घरातला लिंबा राम गावठी धनुष्यावर वाढला, १९८७ साली निवड चाचणीतून पुढे आला आणि १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये त्याचं कांस्यपदक एका गुणाने हुकलं. झारखंडच्या दीपिका कुमारीची सुरुवात घरी केलेल्या बांबूच्या धनुष्यानेच झाली. राष्ट्रीय स्पर्धांतल्या 'इंडियन राउंड' या प्रकारात आजही बांबूचं आणि लाकडाचं धनुष्य चालतं. महाराष्ट्राचं नाव अलीकडे गाजलं ते २०२३च्या ऑगस्टमध्ये : बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघेही कंपाउंड प्रकारात जगज्जेते ठरले. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव त्याआधी टोकियो ऑलिम्पिकला जाऊन आला होता. कंपाउंड धनुष्याला चाकं आणि तारा असतात, त्याचा आपल्या काठीशी संबंध फक्त तत्त्वापुरता. तरी गावातल्या पोराला तिरंदाजीची पहिली चव लागायला हजारो रुपयांचं धनुष्य लागतंच असं नाही, एवढं लिंबा राम आणि दीपिका यांच्याकडे पाहून दिसतं.

आता लाकडाकडे वळू, कारण नवशिक्याची पहिली फसगत इथेच होते. धनुष्य घडवण्यावरची नावाजलेली इंग्रजी पुस्तकं यू, ओसेज ऑरेंज, हिकरी, एल्म या झाडांच्या भरवशावर लिहिली आहेत. त्यांचा पहिला नियम असा, की धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे निशाणाकडे तोंड असलेल्या बाजूवर, वाढीचं एकच कडं टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवायचं. थंड मुलखातल्या अनेक झाडांत दर वर्षाचं कडं वेगळं दिसतं, म्हणून तिथे हे जमतं. आपल्या बाभळीत ती कडी धड मोजताही येत नाहीत. मग नियम पाळायचा कसा? नियमामागचं कारण पाहिलं तर वाट सापडते. धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. पाठीवरचे धागे मध्येच कापले गेले असतील तर त्या कापलेल्या जागेतून चीर उठते. झाडाने स्वतः तयार केलेला, कुठेही न कापलेला पृष्ठभाग आपल्याला एका ठिकाणी नक्की मिळतो : सालीच्या खाली. म्हणून या पुस्तकात सरळ फांदी उभी फोडून, साल हलक्या हाताने सोलून, तो उघडा पडलेला भाग जसाच्या तसा पाठ म्हणून ठेवायला सांगितलं आहे. सगळी तासणी पोटाच्या बाजूने. पाठीला हत्यार लावायचं नाही, पॉलिशपेपरसुद्धा जपून.

झाड कोणतं? धामण मिळाली तर देव पावला. चिवट आणि लवणारी म्हणून तिची जुनी ख्याती आहे आणि धनुष्यासाठी ती पूर्वीपासून वापरात आहे. आपल्या भागात मात्र ती सहज हाताला लागत नाही. बाभूळ औताला, गाडीला उत्तम, पण सरळ आणि बिनगाठीची फांदी शोधता शोधता नाकी नऊ येतात. सागवान सरळ मिळतो. त्याचा लौकिक मात्र टिकण्याचा आहे, लवण्याचा नाही. तुराटीचं नावही नको. लहानपणी तिचे तिरकमठे करून आपण सगळ्यांनीच मोडले आहेत. बांधावरचं झाड तोडायचं असेल तर परवानगीचा नियम आधी तपासावा. १९६४चा वृक्षतोडीचा कायदा खासगी जमिनीलाही लागू आहे. वखारीत जाऊन निवडून घेणं सोपं.

म्हणून माझा आग्रह पहिल्या धनुष्यासाठी वेळूचा. कोरड्या मुलखात वाढणारा मानवेल जवळजवळ भरीव असतो आणि धनुष्याला तोच हवा. २०१७च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याच्या लेखी 'झाड' राहिला नाही, त्यामुळे शेतातला वेळू तोडण्याची धास्तीही उरली नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यात तर बांबूच्या लागवडीचा चांगला बोलबाला आहे. बुरडाकडे जाल तेव्हा "काका, एक वेळू द्या" एवढ्याने भागणार नाही. तो विचारेल, सुपाला की शिडीला? सुपाला कोवळा लागतो, शिडीला जून. आपल्याला तीन वर्षांच्या वरचा, जून आणि लांब पेरांचा हवा. तो कधी तोडला हेही विचारावं. जुनी माणसं अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायला सांगतात. त्यामागे चंद्र किती आणि अनुभव किती यावर वाद घालता येईल. पण वेळूतल्या पिष्टाला भुंगा लागतो आणि पावसाळ्यात, कोंब फुटायच्या दिवसांत तोडलेला वेळू लवकर पोखरतो, यावर बुरडांचं एकमत आहे.

तोडणीचे चांगले दिवस हिवाळ्याचे. आपल्या बीड जिल्ह्याचा हिशेब इथे आडवा येतो, कारण दसरा-दिवाळीनंतर कोयते घेऊन अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. ज्यांना जमेल त्यांनी जायच्या आधी किंवा मागे राहिलेल्यांकरवी वेळू तोडून सावलीत आडवा ठेवावा. कारखाने बंद होऊन माणसं परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो, आणि कोरड्या हवेत लाकडाची ओल बरीच उतरलेली असते. एक काळजी घ्यावी : लाकडाची ओल टोकांतून फार वेगाने उडते, म्हणून तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना रंग किंवा डिंक फासावा. नाहीतर बालाघाटाचं ऊन टोकाला अशी चीर पाडतं, की हातभर लांबी वाया जाते. पावसाळ्यात उलटा प्रकार. लाकूड हवेतली ओल पितं आणि मे महिन्यात कडक वाटलेलं धनुष्य श्रावणात ढिलं पडतं. जवसाचं तेल वाळून लाकडावर थर धरतं, त्याचे दोन-तीन हात दिले की ओल शिरण्याचा वेग कमी होतो. शेंगदाण्याचं तेल यासाठी उपयोगाचं नाही, ते वाळतच नाही.

मापं पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतीलच. इथे ढोबळ सांगायचं तर बाण ओढण्याची लांबी २८ इंच धरली, तर लाकडी धनुष्य ६६ ते ६८ इंच असावं. मुठीजवळ रुंदी पावणेदोन इंच, टोकाशी अर्धा इंच. ताकद ३० ते ३५ पौंड, म्हणजे साधारण १४ ते १६ किलो. ५० पौंडांचं करण्याचा मोह तरण्या पोरांना हमखास होतो. लांब आणि हलकं धनुष्य चुका पोटात घालतं. आखूड आणि जड धनुष्य एकही चूक सोडत नाही.

खरी विद्या इथून पुढे सुरू होते : दोन्ही बाजू सारख्या लववण्याची. पद्धत अशी. भिंतीवर एक मजबूत आधार ठोकायचा, त्यावर धनुष्याची मूठ ठेवायची, दोरीला सोल बांधून तो खालच्या कप्पीतून घ्यायचा आणि चार पावलं मागे उभं राहून हळूहळू ओढायचा. आता हात काम करतो, पण बघायचं काम डोळ्याचं. डावी बाजू सुरेख गोलाईत येते, उजवी मुठीपासून वीतभर ताठ राहते आणि मग एकाच जागी कोपरा करून वाकते. नवशिक्याचा हात लगेच त्या कोपऱ्याकडे जातो, कारण दोष तिथे दिसतो. दोष असतो तो शेजारच्या ताठ वितीत. पेन्सिलीने खूण करायची ती ताठ भागावर. जिथे जास्त वाकतं तिथे हातच लावायचा नाही. खुणेपुरतं खरवडायचं, धनुष्य पुन्हा आधारावर ठेवायचं, वीस-तीस वेळा थोडंथोडं ओढून लाकडाला नव्या जाडीची सवय लावायची आणि मगच पुन्हा बघायचं.

इथे घाई का चालत नाही, याला हिशेब आहे. लाकडाचा ताठरपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी दहा टक्के कमी केली तर ताठरपणा दहा टक्के उतरतो. जाडी दहा टक्के कमी केली, तर तो २७ टक्के उतरतो. पंधरा मिलिमीटरच्या फळीतून दीड मिलिमीटर गेला, की पाव हिश्शाहून अधिक ताकद गेली. वाकसाच्या एका घावाला दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. म्हणून वाकस सुरुवातीच्या आकारापुरता, मग रंधा, मग कानस आणि शेवटी सुतार वापरतात तो काचेचा तुकडा. कोयता चालवून तयार झालेल्या हाताला एका घावात काम उरकायची सवय असते. त्याला या कामात सगळ्यांत जास्त त्रास होतो आणि सगळ्यांत जास्त शिकायलाही मिळतं. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. अवजार बदलत जातं तसा प्रत्येक टप्प्यावर काढायचा भुसा कमी होत जातो, आणि बघण्याचा वेळ वाढत जातो.

दोरीचं प्रकरण मी मुद्दाम मोठं ठेवलं आहे. अंबाडी आपल्याकडे भाजीला सगळ्यांना माहीत आहे. तिच्या खोडाचा वाख काढणारी माणसं मात्र कमी होत चालली आहेत. खोडं पाण्यात कुजवली की साल सुटते, ती धुऊन वाळवली की वाख. त्याचे दोन पेड घ्यायचे, प्रत्येकाला मांडीवर एका दिशेने पीळ द्यायचा आणि दोन्ही एकमेकांभोवती उलट्या दिशेने गुंडाळत जायचं. दोन्ही पीळ एकमेकांना उलगडू देत नाहीत, म्हणून दोरी टिकते. वाख संपत आला की नवा वाख दोन्ही पेडांत एकाच जागी जोडू नये. एकाचा जोड इथे, दुसऱ्याचा चार बोटं पुढे. धनुष्याच्या ताकदीच्या किमान चौपट भार दोरीने सोसला पाहिजे, असा अंदाज ठेवावा. बाण सुटतो त्या क्षणाचा हिसका शांतपणे ओढण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. याच कारणासाठी बाण न लावता दोरी ओढून सोडू नये. बाणात जायचा जोर मग लाकडातच परत येतो, आणि चांगलं जमलेलं धनुष्य एका थट्टेत मोडतं.

मोडण्याबद्दल आधीच सांगून ठेवतो. पहिलं धनुष्य मोडलं तर लाजायचं कारण नाही. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर बर्फात एका माणसाचं शरीर सापडलं. तो पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मेला होता. त्याच्याजवळ यूच्या लाकडाचं १.८२ मीटर लांबीचं धनुष्य होतं, आणि ते अर्धवट होतं. कुऱ्हाडीच्या खुणा अजून त्यावर आहेत. रानात हयात काढलेल्या माणसालाही धनुष्य एका बैठकीत होत नव्हतं. मोडलेले तुकडे फेकू नयेत. चीर पाठीवर उठली की पोट चिरडलं, मुठीजवळ गेलं की गाठीपाशी, हे पाहिलं की पुढच्या काठीचं काम निम्मं सोपं होतं. त्यासाठी शेवटी एक तक्ता दिला आहे. त्यात लाकूड, तोडल्याचा महिना, जाडीची मापं आणि मोडण्याची जागा लिहायची. चार घरांत वाटली गेलेली विद्या परत एका वहीत यायला सुरुवात तिथून होईल.

दोन गोष्टींत तडजोड नाही. एक, धनुष्य मुलाने केलं असलं तरी ओढताना मोठं माणूस जवळ हवं आणि निशाणामागे मोकळं रान किंवा मातीचा बांध हवा. ज्वारीच्या काढणीनंतरचं शेत आणि कडब्याच्या पेंढ्या एकावर एक घट्ट बांधून केलेलं निशाण, एवढी सोय पुरते. दुसरी, पाखरावर, सशावर किंवा कुत्र्यावर नेम धरायचा नाही. आपल्याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. मोर शेतात उतरतात हे आपण रोज पाहतो. ज्याला जिवंत निशाण हवं असेल, त्याने हे पुस्तक इथेच मिटावं.

हे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून मग कामाला लागण्यासाठी लिहिलेलं नाही. लाकडाचं प्रकरण वाचा आणि वखारीत किंवा बुरडाकडे जा. तो जे सांगेल ते माझ्या लिहिण्याशी जुळलं नाही, तर आधी त्याचं ऐका. त्याने हजारो वेळू फोडले आहेत. सुताराला काठी दाखवा, तो रेषा कुठे पळाली ते बोटाने दाखवेल. दोर वळणारं कोणी घरात असेल तर दोरीचं प्रकरण त्यांच्या मांडीशी बसून वाचा. पिंजारी आता क्वचित दिसतो, पण त्याची कमान कुणाच्या माळ्यावर असली तर उतरवून तिची तात छेडून पाहा. आणि या सगळ्यांच्या सांगण्यातलं जे माझ्या पानांत नाही, ते मार्जिनमध्ये लिहून ठेवा. पुढची आवृत्ती निघालीच, तर ती त्या मार्जिनमधून निघावी, एवढीच इच्छा आहे.

घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड